ब्लाऊजच्या ऑर्डरी, एक गूगल शीट आणि ॲपशीट: कोड न लिहिता प्रोटोटाइप केला त्याचा रिव्ह्यू

गूगल शीटवरून फोनचं ॲप बनवून देणाऱ्या ॲपशीटवर लिहायचं ठरवून बरेच दिवस झाले पण मुद्दाम थांबले होते, कारण असल्या टूलचं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच कौतुक वाटतं, खरं काय ते रोज वापरायला लागल्यावर कळतं. आता चार महिने झाले. मी वापरतेय, माझ्याबरोबर पाच जण वापरतायत आणि त्यातल्या चौघी घरी शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत, ज्यांनी याआधी फोनवर व्हॉट्सॲप आणि यूट्यूब सोडून फारसं काही उघडलेलं नव्हतं. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर टूल चांगलं का वाईट याला काही अर्थच राहत नाही. मी डोंबिवलीत राहते. इथल्या कितीतरी बायका रोज लोकलने मुंबईला नोकरीला जातात, सकाळी लवकर बाहेर पडतात, रात्री येतात तोवर टेलरचं दुकान बंद, रविवारी जावं तर तिथे ही गर्दी. साडी घेऊन दोन महिने झाले तरी ब्लाऊजपीस कपाटातच, मग लग्न तोंडावर आलं की धावपळ. आणि दुसऱ्या बाजूला घरात मशीन टाकून बसलेल्या बायका आहेत, हातात जादू आहे अक्षरशः, पण दुकान नाही, पाटी नाही, ओळखीच्या चार बिल्डिंगमधलं काम येतं तेवढंच. या दोघींना जोडायचं, कापड घरून उचलायचं आणि शिवून घरी पोचवायचं, एवढीच माझी कल्पना. मी सतरा वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, एक्सेल हाताखालचं आहे, पण कोडिंगचं एक अक्षर येत नाही.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं, ॲप बनवून देणाऱ्या एकांकडे गेले. कोटेशन आलं साडेतीन लाख आणि चार महिने. पैसे एक वेळ उभे केले असते, पण त्या मीटिंगमध्ये मला कलर काय हवा, लॉगिन ओटीपीने की ईमेलने, आयफोनसाठी पण हवंय का, असं सगळं विचारलं गेलं आणि एका बाईकडे एका वेळी किती ब्लाऊज द्यायचे, कापड हरवलं तर काय, ट्रायल कोण घेणार, यातलं काहीच नाही. आणि विचारलं असतं तरी मला उत्तरं येत नव्हती. म्हणजे नक्की काय हवंय हे मलाच माहीत नसताना मी ते साडेतीन लाखाला बनवून घ्यायला निघाले होते. तिथेच थांबले, आणि आज मागे वळून बघताना वाटतं की या सगळ्या प्रवासातला सगळ्यात चांगला निर्णय तोच.

भाचा म्हणाला, मावशी आधी कागदावर कर. मला पटेना, कागदावर कसलं ॲप. मग त्याने जेफ हॉकिन्सची गोष्ट सांगितली. पाम पायलट नावाचं खिशात मावणारं डिव्हाइस १९९६ मध्ये बाजारात आलं, ते बनवण्याआधी या माणसाने तेवढ्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा करून घेतला आणि तो खिशात घालून फिरायचा, मीटिंगची वेळ बघायची असली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचा. आत काही नाही, नुसतं लाकूड. पण खिशात बोचतं का, दिवसातून किती वेळा काढावंसं वाटतं, हे त्याला एक रुपयाचं सर्किट न बनवता कळलं.

मग मी पोस्टकार्डाएवढे कागद कापले आणि एकेकावर एकेक स्क्रीन काढली. शेजारच्या वहिनींसमोर ठेवले, म्हटलं हा तुमचा फोन आहे असं समजा, बोटाने दाबा, मी पुढचा कागद ठेवते. पहिले दोन कागद छान गेले. तिसऱ्यावर मी मापांचे अकरा रकाने काढले होते, उंची, छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, बाहीची लांबी, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा वगैरे, मला त्याचा फार अभिमान होता कारण शिवणकाम करणाऱ्या एका काकूंच्या मापाच्या वहीवरून ते उतरवून घेतले होते. वहिनींनी तो कागद बघितला, बाजूला ठेवला, उठून आत गेल्या आणि कपाटातून जुना ब्लाऊज घेऊन आल्या. "हा घे नमुन्याला, असाच शीव, बाही फक्त अर्धा इंच वाढव." त्यानंतर अजून तिघींना कागद दाखवले, तिघींनी हेच केलं. एकीनेही माप भरलं नाही. साडेतीन लाखाच्या कोटेशनमध्ये त्या माप भरायच्या स्क्रीनचे वेगळे पैसे लावलेले होते, आणि ती स्क्रीन कुणालाच नको होती, हे मला एका संध्याकाळी चार कागदांवर समजलं.

पुढची पायरी गूगल फॉर्म. यात एक गोष्ट सांगून ठेवते, कुणी करत असाल तर लक्षात ठेवा, फॉर्ममध्ये फोटो अपलोडचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला गूगलमध्ये साइन इन करावंच लागतं. मला कापडाचा आणि डिझाइनचा फोटो हवा होता म्हणून टाकला आणि निम्म्या जणी तिथेच थांबल्या, मला व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली व्हॉइस मेसेज, ताई ते फॉर्मचं काही जमत नाही हे बघ असा गळा पाहिजे. मग मी फॉर्म बंदच केला. व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, त्यातली लेबलं लावली, नेहमीची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये सेव्ह केली, पैसे यूपीआयने, आणि कस्टमरची बाजू तिथेच मिटली. आजही माझ्या कस्टमरसाठी ॲप नाहीये आणि चार महिन्यांत एकीनेही मागितलेलं नाही.

ऑर्डरींची नोंद मी गूगल शीटमध्ये करत होते. पंचवीस-तीस ऑर्डरींपर्यंत निभावलं. मग मार्गशीर्षातल्या लग्नांची कामं एकदम आली आणि कुठला पीस कुणाकडे आहे हेच कळेना. दिवसातून वीस फोन, काकू तो हिरवा झाला का, कुठला हिरवा, अगं बारीक बुट्टीवाला, माझ्याकडे नाही तो. आणि व्हायचं ते झालंच. मरून रंगाचे दोन पीस होते, दोन्हीला सोनेरी काठ, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या आणि एक पीस दुसरीच्या मापाने बेतला गेला. कापड एकदा कापलं की कापलं. मी दादरला जाऊन तसाच पीस शोधायला पाच दुकानं फिरले, काठ जुळला नाही, शेवटी त्या ताईंना सगळं खरं सांगितलं आणि नवीन पीस घेऊन दिला. त्यांनी समजून घेतलं हा त्यांचा मोठेपणा, पण त्यांच्या आईने घेतलेली साडी होती ती, आणि ते माझ्या अजून मनात आहे.

त्या रात्री मला कळलं की माझा प्रॉब्लेम बुकिंगचा नाहीच. पीस कुठे आहे आणि कुठल्या टप्प्यावर आहे हा आहे. म्हणजे ॲप हवंय ते कस्टमरला नाही, शिवणाऱ्या बायकांना आणि पिशव्या पोचवणाऱ्या पोराला हवंय. आणि इथून खरा ॲपशीटचा रिव्ह्यू सुरू होतो.

ॲपशीट म्हणजे तुमच्या शीटवरून ॲप बनवून देणारं टूल, २०२० च्या जानेवारीत गूगलने ते विकत घेतलं. तुमची शीट त्याला दाखवायची, ते कॉलम वाचतं, फोटो कुठला तारीख कुठली याचा अंदाज करतं आणि दोन-तीन मिनिटांत फोनवर उघडेल असं ॲप समोर ठेवतं. ते पहिलं ॲप ओबडधोबड असतं पण चालतं. वापरणाऱ्यांनी प्ले स्टोअरवरून ॲपशीटचं ॲप टाकायचं आणि त्याच्या आत तुमचं उघडतं, होम स्क्रीनवर शॉर्टकट ठेवता येतो, तेवढं केलं की बायकांना ते आपलंच ॲप वाटतं.

मी तीन टेबलं केली. ग्राहक, कारागीर, ऑर्डर. ऑर्डरच्या ओळीत ग्राहक आणि कारागीर हे रेफ टाइपचे कॉलम, म्हणजे नाव पुन्हा पुन्हा लिहायचं नाही, यादीतून निवडायचं. एक्सेलमध्ये व्हीलुकअप ज्याने केलंय त्याला हे अर्ध्या तासात कळतं. फॉर्म्युले पण बरेचसे शीटसारखेच आहेत. माझी एक मोठी चूक झाली ती "की" (key, म्हणजे किल्ली) नावाच्या कॉलमची, प्रत्येक ओळीला एक न बदलणारी ओळख लागते आणि मी मोबाईल नंबर टाकला, मला वाटलं याहून वेगळं काय असणार. पण दोन जावांनी एकच नंबर दिला आणि दोघींच्या ऑर्डरी एकीच्याच नावावर दिसायला लागल्या. नंबर नको, नाव नको, ओळीचा क्रमांक तर अजिबातच नको कारण शीट सॉर्ट केली की तो बदलतो, आपोआप वेगळी ओळख तयार करणारा युनिकआयडीचा फंक्शन आहे तो पहिल्या दिवशीच टाका आणि त्याला परत हात लावू नका.

ज्यात टूलने मला खरंच जिंकलं ती गोष्ट स्टेटसची. मी ऑफिसच्या सवयीने पेंडिंग, इन प्रोसेस, कम्प्लीट असं टाकलं होतं. ते घेऊन शिवणाऱ्या चौघींपैकी एका काकूंकडे गेले. त्या मशीनवर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून फोन बघितला आणि म्हणाल्या, "प्रोसेस म्हणजे काय गं? बेतलाय म्हणू का शिवलाय म्हणू? हूक लावायचे राहिलेत ते यात कुठे बसवू?" मी तिथेच स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि त्या सांगतील तसं बदललं. आलं, बेतलं, शिवलं, हातकाम, तयार, दिलं. सहा शब्द. सेव्ह केलं, त्यांच्या फोनवर सिंक केलं, आणि त्यांच्यासमोर बटणांवर त्यांचेच शब्द आले. काकू म्हणाल्या, हां, आता कळलं. सगळ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. ॲप बनवून घेतलं असतं तर हाच बदल ईमेल, मीटिंग, चेंज रिक्वेस्ट, जास्तीचे पैसे असा फिरून पंधरा दिवसांनी आला असता, आणि तोवर काकूंनी ते ॲप वापरायचं सोडून दिलं असतं.

अजून एक, ॲपशीटमध्ये लोकलाइझ म्हणून सेटिंग आहे, त्यात सेव्ह, कॅन्सल, सिंक असले जे ठरलेले शब्द असतात ते तुम्हाला हवे तसे लिहिता येतात. मी आधी जतन करा असं लिहिलं. चौघींपैकी एकीलाही ते आवडलं नाही, बँकेत आल्यासारखं वाटतं म्हणाल्या. मग आम्ही "झालं" असं लिहिलं. बटणावर नुसतं झालं. फोटो काढायचा, स्टेटस निवडायचं, झालं दाबायचं. शीटमधली कॉलमची नावं मी इंग्रजीतच ठेवलीयेत, फॉर्म्युले लिहायला सोपं पडतं, आणि प्रत्येक कॉलमला डिस्प्ले नेम मराठीत दिलंय. असंच करा.

फोटो हा तर जीव आहे या कामाचा. कापड हातात घेतलं की पहिलं काम, काठ दिसेल असा फोटो, आणि कापडाला सेफ्टी पिनने नंबराचा बिल्ला. तोच नंबर ॲपमध्ये. फोटो ड्राइव्हमध्ये जातात आणि शीटमध्ये फक्त फाइलचा पत्ता येतो त्यामुळे शीट जड होत नाही. कापायला कात्री घ्यायच्या आधी फोटो आणि बिल्ला जुळवायचा, हा आमचा नियम. मरूनवाला प्रकार त्यानंतर परत झालेला नाही.

नेटवर्कचं सांगायलाच हवं. चौघींपैकी एक ताई चाळीत तळमजल्याला आतल्या खोलीत राहतात, तिथे फोनला एक काडी सुद्धा येत नाही धड. ॲपशीटमध्ये नेट नसलं तरी नोंद होते, फोनमध्ये साठून राहते आणि रेंज आली की आपोआप वर जाते. त्या पाणी भरायला बाहेर आल्या की माझ्याकडे सगळे अपडेट धडाधड येतात. हे फीचर मी शोधून घेतलेलंच नव्हतं पण यावाचून त्या ताईंना या कामात घेताच आलं नसतं.

कस्टमरला मेसेज जायची सोय मी एका साध्या युक्तीने केलीय आणि ही सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून नीट सांगते. व्हॉट्सॲपची एक लिंक असते, डब्ल्यूए डॉट एमई, पुढे ९१ आणि मोबाईल नंबर, त्यापुढे टेक्स्ट जोडता येतो. ॲपशीटमध्ये एक व्हर्च्युअल कॉलम करायचा, म्हणजे शीटमध्ये नसलेला, फॉर्म्युल्याने तयार होणारा, त्यात मजकुराचे तुकडे जोडणारं कॉनकॅटिनेट वापरून ही लिंक तयार करायची आणि मेसेजचा मजकूर एनकोडयूआरएल या फंक्शनमधून काढायचा, नाहीतर मराठी अक्षरं आणि मोकळ्या जागा गडबडतात. मग ऑर्डर उघडली की एक बटण दिसतं, ते दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं, नमस्कार ताई तुमचा ब्लाऊज तयार आहे, आज संध्याकाळी ७ नंतर आणला तर चालेल का, हे लिहूनच येतं, आपण फक्त पाठवायचं. ना एपीआय, ना महिन्याचा खर्च. मेसेज माणसानेच पाठवायचा हे मला उलट चांगलं वाटतं, पाठवायच्या आधी एकदा डोळ्यांखालून जातो.

आता पैसे आणि मर्यादा. तुम्ही ॲप डिप्लॉय करत नाही, म्हणजे रीतसर वापरात आणत नाही, तोवर ॲपशीट त्याला प्रोटोटाइपच म्हणतं, म्हणजे करून बघायचं कच्चं ॲप, आणि त्या अवस्थेत दहा जणांपर्यंत फुकट वापरता येतं. आम्ही सहा जण, त्यामुळे आजवर एक रुपया दिलेला नाही. पण प्रोटोटाइप अवस्थेत ऑटोमेशनने पाठवलेले ईमेल फक्त ॲप बनवणाऱ्यालाच जातात, ज्यांना पाठवायचेत त्यांना जात नाहीत. हा त्यांचा नियम आहे आणि तो आधी माहीत असलेला बरा, नाहीतर माणूस रात्रभर आपल्याच फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतो. डिप्लॉय करायचं तर मी बघितलं तेव्हा सगळ्यात खालचा प्लॅन माणशी महिना ५ डॉलर होता आणि त्यावरचा कोअर १० डॉलर, आणि गूगल वर्कस्पेसच्या बहुतेक प्लॅनमध्ये कोअर आधीच येतो, तुमच्या कंपनीचा ईमेल गूगलवर असेल तर आधी ते तपासा. माणशी पैसे आहेत म्हणजे हजारो कस्टमरच्या हातात द्यायचं ॲप यावर करू नये. ते त्याचं कामच नाही. हे आतल्या लोकांसाठीचं टूल आहे, कामगार, दुकानातली पोरं, डिलिव्हरी, गोडाऊन, असल्यांसाठी.

दिसायला पण सगळी ॲपशीट ॲप साधारण एकसारखी दिसतात, रंग लोगो बदलता येतो, मांडणी फार नाही. गुंतवणूकदारासमोर झगमगीत डेमो दाखवायचाय तर त्यासाठी फिग्मा बरं, तिथे एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जोडून खऱ्या ॲपसारखं फिरवून दाखवता येतं, मागे डेटा काही नाही, नुसतं चित्र. शीटवरूनच पण जरा देखणं हवं असेल तर ग्लाइड. आणि अगदी स्वतःचं लॉजिक, कस्टमरचं लॉगिन, पेमेंट असलं सगळं असलेलं वेब ॲप कोडशिवाय करायचं तर बबल, २०१२ पासून आहे, खूप ताकद आहे, पण शिकायला वेळ द्यावा लागतो, वीकेंडमध्ये होणारं नाही ते. आणि बबलमधून कोड बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नाही हे आधीच डोक्यात ठेवा.

हा बाहेर पडायचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ॲमेझॉनने २०२० मध्ये हनीकोड नावाचं असंच कोडशिवाय ॲप बनवायचं टूल काढलं आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर बंद केलं. ॲमेझॉनसारखी कंपनी करू शकते तर कुणीही करू शकतं. माझा सगळा डेटा माझ्याच गूगल शीटमध्ये आहे, उद्या ॲपशीट नसलं तरी ऑर्डरी, नंबर, तारखा, फोटो सगळं माझ्या हातात राहतं, बटणं तेवढी नव्याने करावी लागतील. कुठलंही टूल निवडताना मी आता पहिल्यांदा हेच बघते.

मध्ये एक महिना मी दुसरीकडे पण वळले होते. सध्या इंग्रजीत वाक्य लिहा आणि ॲप घ्या असली एआयची टूल्स आलीयेत, २०२५ च्या फेब्रुवारीत आंद्रे कारपथी या एआयवाल्या संशोधकाने असं नुसतं सांगून कोड करून घेण्याला व्हाइब कोडिंग हा शब्द काढला आणि तो सगळीकडे झाला. मी त्यातल्या एकावर केलं, नाव घेत नाही. पाच मिनिटांत इतकं सुंदर ॲप आलं की मी घरच्यांना उठवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यात अर्जंट असा एक टिक टाकायला सांगितला, तो आला आणि फोटो दिसायचे बंद झाले. फोटो आणायला सांगितलं, फोटो आले आणि तारखा उलट झाल्या. प्रत्येक दुरुस्तीला क्रेडिट, म्हणजे टूलने मोजून दिलेले वापराचे पॉइंट, रात्री साडेअकराला क्रेडिट संपले आणि ॲप मधल्याच अवस्थेत. आत काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं, हीच खरी अडचण. माझ्या शीटमध्ये चुकलं तर मला दिसतं कुठे चुकलं. ज्याच्या घरात कुणी कोड वाचणारं आहे त्याला ही टूल्स नक्कीच उपयोगी पडतील, एका पानाची वेबसाइट वगैरे तर माझीपण त्यावरच केलीय आणि ती छान आहे. पण ज्यावर दुसऱ्याच्या लग्नातलं कापड अवलंबून आहे ते मी न समजणाऱ्या गोष्टीवर सोडणार नाही.

दोन गोष्टी वापरायच्या आधी करून घ्या. एक, शीटमध्ये कॉलम वाढवला किंवा नाव बदललं की ॲपशीटच्या एडिटरमध्ये जाऊन रीजनरेट करावं लागतं, म्हणजे शीटचे कॉलम त्याला पुन्हा वाचायला लावायचे, नाहीतर ॲप एरर देतं. त्यामुळे शीटला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, आणि देण्याची गरजही नाही, ॲप बनवणाऱ्याच्याच परवानगीने शीट वाचतं, वापरणाऱ्यांना शीट शेअर करावी लागत नाही. दुसरी गोष्ट सिक्युरिटी फिल्टर. प्रत्येकीला फक्त आपलं काम दिसावं म्हणून मी आधी स्लाइस केले होते, म्हणजे टेबलातल्या निवडक ओळीच दाखवणारे तुकडे, दिसायला बरोबर दिसत होतं, पण स्लाइस फक्त काय दाखवायचं ते ठरवतं, डेटा फोनमध्ये सगळा येतोच. सिक्युरिटी फिल्टर लावला की दुसरीचा डेटा फोनपर्यंत पोचतच नाही, आणि ॲप सिंक व्हायला पण कमी वेळ लागतो. आपल्याकडे बायकांचे नंबर, पत्ते, मापं आहेत. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी एखाद्या बाईचं माप आणि घरचा पत्ता ही सांभाळायचीच गोष्ट आहे. आम्ही शिवणाऱ्या ताईंना कस्टमरचा नंबर पत्ता दाखवतच नाही, त्यांना बिल्ला नंबर, फोटो, डिझाइन, तारीख एवढंच, आणि पत्ता फक्त पोचवणाऱ्या पोराला, तोही त्या दिवशी ज्या पिशव्या द्यायच्यात तेवढ्यांचाच.

लॉगिनचं एक. चौघींकडे जीमेल होतं कारण अँड्रॉइड फोनला लागतंच, पण पासवर्ड एकीलाही माहीत नव्हता, मुलाने नाहीतर दुकानदाराने फोन घेताना काढून दिलेलं. माझा एक पूर्ण दिवस त्यातच गेला, तुमचाही जाईल, तो धरूनच चाला.

मार्क द्यायचे तर घरातल्या, आतल्या कामाच्या प्रोटोटाइपला ५ पैकी साडेचार, कस्टमरसमोर न्यायच्या ॲपला २. आणि क्रम माझ्या मते हाच ठेवा, आधी कागद, मग व्हॉट्सॲप आणि शीट, हाताने तीसेक ऑर्डरी करून बघा, जिथे घोडं अडेल तेवढ्याच जागेपुरतं ॲप करा. मी पहिल्याच दिवशी ॲपशीटवर बसले असते तर ते अकरा रकान्यांचं माप भरायचं ॲप फार छान बनवलं असतं आणि ते कुणीच वापरलं नसतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. काकूंकडे पिशव्या द्यायला गेले होते, त्या म्हणाल्या, "ए, तुझ्या त्या ॲपमध्ये शिलाई मिळाली का नाही ते पण टाक ना. मी वहीत लिहिते ते सापडत नाही मला." चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं. चहा ठेवला होता त्यांनी. मी शीटमध्ये कॉलम वाढवला, रीजनरेट केलं, हो किंवा नाही एवढंच, आणि खाली महिन्याची बेरीज. चहा गाळेपर्यंत त्यांच्या फोनवर आलं. त्यांनी मागच्या महिन्याची बेरीज बघितली, मग वही काढली, बोटाने एकेक ओळ जुळवली, आणि दोन ब्लाऊजची शिलाई माझ्याकडून द्यायची राहिलीय असं दाखवून दिलं. तिथेच यूपीआय केलं आणि त्यांनी त्या दोन ओळींवर स्वतः झालं दाबलं.